नव्या गाडीचे पहिले ऑईल केव्हा बदलावे आणि बाहेरचे मोनोग्राम रंग न दुखावता कसे काढावेत

नवी गाडी ताब्यात आली की पहिल्या काही आठवड्यांत मालकाच्या मनात दोन प्रश्न हमखास येतात. कारखान्यातून भरून आलेले इंजिन ऑईल लगेच बदलून टाकावे का, हा पहिला. आणि डिकीवर चिकटवलेले मॉडेलचे नाव, अक्षरे किंवा विक्रेत्याची पट्टी, म्हणजेच मोनोग्राम, काढून गाडीचा मागचा भाग मोकळा करता येईल का, हा दुसरा. वरवर पाहता या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हींत वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक जण नेमका उलटा मांडतात. ऑईलसाठी पहिल्याच महिन्यात धावाधाव होते आणि पुढे वर्षाची मुदत टळून गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मोनोग्राम मात्र तीन-चार वर्षे तसेच राहतात आणि मग काढल्यावर त्यांच्या जागी रंगात उमटलेली अक्षरे दिसतात. म्हणून आधी ऑईलच्या वेळापत्रकाचा विचार करू आणि मग मोनोग्राम काढण्याकडे वळू.

पहिल्या ऑईलमध्ये काय जमा होते

नव्या इंजिनाच्या सिलिंडरच्या आतल्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत नसतात. त्यांवर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडलेल्या असतात, म्हणजे ऑईल तिथे टिकून राहते आणि पिस्टनच्या रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये त्या भिंतींवर घासून नीट बसतात. रिंगा बसण्याच्या या काळात लोखंड, ॲल्युमिनियम आणि तांबे यांचे सूक्ष्म कण ऑईलमध्ये उतरतात. नव्या इंजिनातले ऑईल प्रयोगशाळेत तपासले तर या धातूंचे प्रमाण नंतरच्या प्रत्येक ऑईलपेक्षा जास्त निघते. सिलिकॉनही जास्त दिसते, पण ते बहुधा धुळीचे नसून इंजिन जोडताना वापरलेल्या सीलंटचे असते, आणि जोडणीच्या वेळी लावलेल्या वंगणामुळे मॉलिब्डेनमचा आकडाही वाढलेला असू शकतो. हे आकडे पुढच्या दोन-तीन बदलांत आपोआप खाली येतात.

हे वाचून लगेच ऑईल काढून टाकण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि एके काळी तो सल्ला योग्यही होता. जुन्या इंजिनांत भागांची घडण आजच्याइतकी काटेकोर नव्हती, ऑईल साधे खनिज असे आणि गाळणीही कमी कार्यक्षम असे, त्यामुळे पहिल्या हजार किलोमीटरला ऑईल बदलणे सक्तीचे होते. आजच्या इंजिनांत सुटे भाग फार नेमक्या मापांत येतात, बहुतांश सुटे कण फिल्टर अडवतो आणि उरलेले अतिसूक्ष्म कण ऑईलमधली रसायने तरंगत ठेवतात. म्हणूनच बहुसंख्य कंपन्यांनी लवकरचा पहिला बदल वेळापत्रकातून काढून टाकला आहे. काही कंपन्या तर ठरलेल्या मुदतीपूर्वी कारखान्यातले ऑईल काढू नये असे मालकाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहितात, कारण रिंगा बसण्याच्या काळात ते उपयोगी पडेल अशी त्यांची योजना असते.

याला अपवाद आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. बीएमडब्ल्यूच्या एम श्रेणीतील गाड्यांना सुमारे २००० किलोमीटरवर खास रनिंग-इन सर्व्हिस (इंजिन रुळण्याच्या काळातील सर्व्हिस) सांगितलेली आहे आणि तीत इंजिनाबरोबर डिफरन्शियलचेही, म्हणजे चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरसंचाचेही, ऑईल बदलले जाते. अधिक शक्तीच्या, वेगासाठी घडवलेल्या इतर काही गाड्यांनाही अशी सूचना असते. आपली गाडी कोणत्या गटात मोडते याचे उत्तर शेजारी, नातेवाईक किंवा गॅरेजवाला यांच्यापैकी कोणाकडेही नसते; ते गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवलेल्या पुस्तिकेत असते.

पुस्तिकेतील मुदत कशी वाचावी

सर्व्हिसचे कोष्टक उघडले की दोन आकडे दिसतात, एक किलोमीटरचा आणि एक महिन्यांचा, आणि त्यांच्यापुढे जे आधी येईल ते असे लिहिलेले असते. अनेक पेट्रोल गाड्यांसाठी ही मुदत १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने अशी असते. काहींना १५,००० किलोमीटर दिलेले असते, आणि विशिष्ट दर्जाचे दीर्घायुषी ऑईल वापरण्याच्या अटीवर काही युरोपीय कंपन्या ३०,००० किलोमीटर किंवा २ वर्षांपर्यंतही जाऊ देतात. यातला महिन्यांचा आकडा लोक सर्रास विसरतात. वर्षभरात जेमतेम ३००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे ऑईल न वापरल्यामुळे ताजे राहिले असेल, ही समजूत चुकीची आहे. अशी गाडी बहुधा जवळच्या जवळ फिरते, इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते, आणि तेच ऑईलला सर्वांत जास्त बाधते.

पहिल्या महिन्यातील किंवा पहिल्या हजार किलोमीटरची तपासणी ही बहुतेक वेळा केवळ तपासणीच असते, तीत ऑईल बदलणे धरलेले नसते. त्यामुळे तिथून परत आल्यावर ऑईल बदलले नाही म्हणून तक्रार करण्याआधी कोष्टक पाहावे. आणि उलट, त्या भेटीत कोणी ऑईल बदलण्याचा आग्रह धरला तर तो कोष्टकात आहे का हेही पाहावे.

याच पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळे आणि कमी अंतराचे वेळापत्रक असते, आणि तिथे आपला वापर प्रामाणिकपणे तपासून पाहायला हवा. बहुतेकांना आपला वापर सर्वसाधारण वाटतो, पण यादी वाचली की चित्र बदलते. प्रत्येक वेळी सात-आठ किलोमीटरपेक्षा कमी अंतर जाणे, सतत थांबत-चालत राहणाऱ्या रहदारीत फिरणे, धुळीच्या रस्त्यांवर चालवणे, ओझे ओढणे, फार कडक उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत वापरणे, आणि गाडी उभी असताना इंजिन तासन् तास चालू ठेवणे हे सारे खडतर वापरात मोडते.

छोट्या फेऱ्या वाईट का, हे समजून घेण्यासारखे आहे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, आणि पाणी तापल्यानंतरही ऑईल पुरते तापायला आणखी काही मिनिटे लागतात. इंजिन थंड असताना जळणातून निर्माण होणारी वाफ आत पाणी होऊन साचते, पेट्रोलचा काही अंश रिंगांच्या फटीतून ऑईलमध्ये उतरतो, आणि लांबचा प्रवास झाला तरच हे दोन्ही उडून जातात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत पेट्रोल मिसळण्याचा हा प्रकार अधिक आढळतो. डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजण्याच्या पट्टीवर, पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर किलोमीटरचा आकडा काहीही असो, ऑईल बदलण्याची वेळ आलेली आहे आणि वर्कशॉपला दाखवण्याचीही. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याच्या बाबतीत किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून काही उत्पादक एका तासाची अशी चाल साधारण ४० ते ५० किलोमीटर धरायला सांगतात.

अनेक नव्या गाड्यांत ऑईलचे उरलेले आयुष्य टक्क्यांत दाखवणारी सोय असते. बहुतेक गाड्यांत ती ऑईलची प्रत्यक्ष तपासणी करत नाही. इंजिनाचे फेरे, तापमान, फेऱ्यांची लांबी, भार अशा नोंदींवरून अंदाज बांधते. हा अंदाज सहसा चांगला असतो, पण ऑईल गळून पातळी खाली गेली तर तो आकडा तुम्हाला सावध करेलच असे नाही. रंगावरूनही काही ठरवू नये. डिझेल इंजिनाचे ऑईल काजळीमुळे अगदी थोड्या अंतरात काळे पडते, आणि पेट्रोल इंजिनाचे गडद झालेले ऑईल मळ धरून ठेवण्याचे आपले काम करत असते.

आता ज्यांना एवढे वाचूनही पहिले ऑईल लवकर बदलायचेच आहे, त्यांच्यासाठी माझे मत असे आहे. कंपनीने मनाई केलेली नसेल, तर साधारण २००० ते ५००० किलोमीटरच्या दरम्यान एकदा जादा बदल केल्याने इंजिनाचे नुकसान होत नाही. गाडी दहा-बारा वर्षे ठेवायची असेल तर मनाच्या समाधानासाठी तो करायला हरकत नाही. मात्र तो ठरलेल्या सर्व्हिसच्या ऐवजी करायचा नाही, योग्य दर्जाचेच ऑईल घालायचे आणि पावती जपून ठेवायची. पहिल्या हजार किलोमीटरच्या आत मात्र हात लावू नये, कारण रिंगा अजून बसत असतात.

खरे तर या काळात ऑईलपेक्षा पायाखालच्या ॲक्सिलरेटरने जास्त फरक पडतो. पहिले १००० ते १५०० किलोमीटर इंजिनाचे फेरे सारखे बदलते ठेवावेत, तासभर एकाच वेगाने जाऊ नये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये, वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरेल अशी चालवू नये आणि मागे काही ओढू नये. दर दोन आठवड्यांनी डिपस्टिक पाहावी, कारण रिंगा बसेपर्यंत नवे इंजिन थोडे ऑईल खाऊ शकते.

ऑईल निवडणे आणि बदलणे

वॉरंटीच्या काळात हे काम अधिकृत वर्कशॉपमध्ये करून घेणे सोपे असते. स्वतः करणार असाल तर आधी ऑईलची निवड काटेकोर हवी. पुस्तिकेत दोन गोष्टी दिलेल्या असतात, घट्टपणा (व्हिस्कॉसिटी) आणि दर्जा. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० यांत डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला प्रवाहीपणा आणि नंतरचा आकडा तापलेल्या अवस्थेतला घट्टपणा सांगतो. आधुनिक इंजिनांतल्या ऑईलच्या वाटा आणि पंप त्या ठरलेल्या घट्टपणासाठीच आखलेले असतात, त्यामुळे जाड ऑईल म्हणजे जास्त संरक्षण असे समजून घरच्या घरी बदल करू नये. दर्जामध्ये पेट्रोल गाड्यांसाठी २०२० मध्ये आलेला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसपी हा वर्ग टर्बो इंजिनांतील अवेळी होणारे ज्वलन आणि टायमिंग चेनची (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणाऱ्या साखळीची) झीज या दोन्हींचा विचार करतो. धुराच्या नळीत काजळीची गाळणी असलेल्या गाड्यांना एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी वर्गातील कमी राखेचे ऑईल लागते. दुसरे घातले तर ती महागडी गाळणी हळूहळू तुंबते. वरून घालायची कोणतीही जादूची बाटली नव्या इंजिनाला लागत नाही.

काम सुरू करण्याआधी इंजिन पाच मिनिटे चालवून ऑईल कोमट करावे. फार तापलेले ऑईल हात भाजते आणि थंड ऑईल सावकाश निथळते. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना अडथळे लावावेत, आणि जॅकने उचलल्यावर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली डोके घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नसतो. खाली प्लॅस्टिकचे आवरण असेल तर त्याचे स्क्रू व क्लिपा क्रमाने बाजूला ठेवाव्यात.

यानंतरची पायरी सर्वांत सावधपणे करायची आहे, कारण इथली चूक सर्वांत महाग पडते. इंजिनाच्या चेंबरचा (तळाशी ऑईल साठणाऱ्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट आणि गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काही गाड्यांत जवळजवळ आणि सारखे दिसणारे असतात. गिअरबॉक्सचे ऑईल काढून वर इंजिनात दुप्पट ऑईल ओतल्याची उदाहरणे गॅरेजमध्येही घडतात. पान्हा लावण्याआधी आकृतीशी ताडून पाहावे. मग वरचे ऑईल भरण्याचे झाकण सैल करून, मोठे भांडे खाली धरून बोल्ट सोडावा आणि धार थेंबांवर येईपर्यंत थांबावे. पहिल्या बदलात निघालेल्या ऑईलमध्ये किंचित धातूची झळाळी दिसली तर घाबरू नये; बोटाला जाणवतील असे तुकडे असतील तर मात्र फोटो काढून वर्कशॉपला दाखवावेत.

बोल्टखालचे वायसर नवे घालावे. बोल्ट आधी हाताने फिरवून आटे नीट बसल्याची खात्री करावी आणि मग पुस्तिकेतील आकड्यानुसार टॉर्क पान्ह्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने) आवळावा. अनेक गाड्यांत हा आकडा २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर जोर लावून आवळल्याने आटे जातात. फिल्टर काढल्यावर त्याचे जुने रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना हे पाहावे, कारण दोन कडी एकावर एक बसली की ऑईल दाबाने बाहेर फेकले जाते. नव्या फिल्टरच्या कड्याला ऑईलचे बोट फिरवून तो हाताने लावावा आणि कडे टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आणखी द्यावा. कागदी कार्ट्रिज असलेल्या गाड्यांत झाकणाचा ओ-रिंग (गोल रबरी कडे) बदलावा आणि झाकणावर छापलेला टॉर्क पाळावा.

सांगितलेल्या प्रमाणापेक्षा अर्धा लिटर कमी ऑईल घालून इंजिन सुरू करावे, ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझतो का ते पाहावे, मिनिटभर चालू ठेवून खाली गळती नाही याची खात्री करावी. बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहत थोडे थोडे घालून पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आणावी. अनेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेतले अंतर सुमारे एक लिटरचे असते. वरच्या खुणेच्या वर भरलेले ऑईल क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, फटक्यांनी फेसाळते आणि फेस वंगण म्हणून काम करत नाही. शेवटी ऑईलचे आयुष्य दाखवणारा आकडा पूर्ववत करावा, तारीख, किलोमीटर आणि ऑईलचा दर्जा लिहून पावत्यांसह ठेवावा, आणि जुने ऑईल बंद कॅनमध्ये भरून ते स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावे. गटारात किंवा मातीत ओतू नये.

मोनोग्राम काढण्याआधी काय तपासावे

मोनोग्रामच्या बाबतीत लवकर निर्णय घेण्यात फायदा आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि धुण्या-पुसण्याने सभोवतालचा रंग हळूहळू बदलतो, पण अक्षरांखालचा रंग झाकलेला असल्याने मूळचाच राहतो. पहिल्या काही महिन्यांत अक्षरे काढली तर हा फरक जवळजवळ नसतो. गाडी अजून ताब्यात यायची असेल तर विक्रेत्याची नावपट्टी लावूच नये असे लेखी सांगणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

नव्या रंगावर काम करणे धोक्याचे आहे, असा एक गैरसमज आहे. कारखान्यातला रंग भट्टीत उच्च तापमानाला पक्का केलेला असतो, त्यामुळे गाडी बाहेर पडते तेव्हाच तो तयार असतो. अपघातानंतर किंवा वाहतुकीतल्या ओरखड्यामुळे एखादा पत्रा वर्कशॉपमध्ये नव्याने रंगवला असेल, तर मात्र तो रंग पुरता सुकायला एक ते तीन महिने लागू शकतात आणि तोवर तिथे उष्णता, द्रावक किंवा टेप लावू नये.

सगळे मोनोग्राम काढण्यासारखे नसतात. पुढच्या ग्रिलवरील मोठ्या लोगोमागे अनेक गाड्यांत पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलचा (वेग आपोआप सांभाळणाऱ्या सोयीचा) रडार असतो आणि तो लोगो रडारच्या लहरी आरपार जाव्यात अशा खास साहित्याचा बनवलेला असतो. डिकीवरचा लोगो कधी उघडण्याची मूठ असतो, कधी त्यातून मागचा कॅमेरा बाहेर येतो. यांना हात लावू नये. विजेवर, हायब्रिड किंवा गॅसवर चालणाऱ्या गाडीची ओळख सांगणारी चिन्हेही ठेवावीत, कारण अपघातात मदतीला आलेल्या पथकाला उच्च दाबाच्या तारा किंवा गॅसची टाकी असल्याचे त्यांवरूनच पटकन कळते, आणि काही ठिकाणी ती कायद्यानेही आवश्यक असतात. गाडी भाडेकरारावर असेल तर करार वाचावा.

पुढचा प्रश्न असा, की हे मोनोग्राम नुसते चिकटवलेले आहेत की त्यांना मागून खिट्ट्याही आहेत. पातळ सुटी अक्षरे बहुधा केवळ दुतर्फी फोम टेपवर असतात. जाड, गोल किंवा फुगीर लोगोला मात्र अनेकदा दोन-तीन खिट्ट्या असतात आणि त्या पत्र्यातल्या भोकांत बसतात. असा लोगो काढला तर भोके उघडी पडतात, पाणी आत जाते आणि गंज सुरू होतो. डिकीचे आतले आवरण काढून पत्र्याची मागची बाजू टॉर्चने पाहिल्यास भोके आहेत का ते कळते. त्याच मॉडेलच्या सुट्या लोगोचा मागच्या बाजूचा फोटो मिळाला तर आणखी चांगले. शंका उरली तर तो लोगो तसाच राहू द्यावा आणि फक्त अक्षरे काढावीत. दिसायला तेवढ्यानेही पुरेसा फरक पडतो.

साधने आणि क्रम

साधने थोडी लागतात: हेअर ड्रायर, मासे धरण्याची मजबूत तंगूस किंवा मेण नसलेला दातांचा धागा, मास्किंग टेप, मऊ प्लॅस्टिकची पट्टी, स्वच्छ मायक्रोफायबर कापड, चिकटपणा काढणारे गाडीच्या रंगासाठीचे द्रावण, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक पॉलिश आणि वॅक्स. स्क्रूड्रायव्हर, ब्लेड, सुरी आणि लोखंडी पट्टी जवळपासही ठेवू नये, कारण अडलेल्या क्षणी हात आपोआप त्यांच्याकडे जातो. गाडीवरच्या रंगाची सगळ्या थरांसह जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन असते आणि सगळ्यांत वरचा पारदर्शक थर त्यातला जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन. ब्लेडचा एक ओरखडा तेवढ्यातून सहज आरपार जातो.

प्रथम तो भाग शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडा करावा. अक्षरांभोवती अडकलेली रेती राहिली तर पुढे तंगूस तीच रेती रंगावर ओढत नेते, आणि मोनोग्राम काढताना पडणारे बहुतेक ओरखडे असेच पडतात. पुढेमागे अक्षरे परत लावावीशी वाटली तर उपयोगी पडावेत म्हणून, कडांपासूनची मापे घेऊन फोटो काढावा. मग अक्षरांच्या वर-खाली मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. धागा ओढताना बोटे आणि धागा टेपवर टेकतील, रंगावर नाही.

हेअर ड्रायर १०-१५ सेंटिमीटर अंतरावरून सतत हलवत, प्रत्येक अक्षर एक-दोन मिनिटे तापवावे. पत्र्याला तळहात क्षणभर टेकवता येईल इतकीच, म्हणजे साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसची उष्णता पुरे होते. हात चटकन मागे घ्यावा लागला तर जास्त झाली. कारागीर वापरतात ती हीट गन कित्येक शे अंशांची हवा सोडते आणि एका जागी थांबली तर रंगाला फोड आणते, बंपरचे प्लॅस्टिक वाकवते, म्हणून सराव नसलेल्याने ती वापरू नये. थंड हवेत हे काम करायचे असेल तर गाडी आत घ्यावी, कारण गार पत्र्यावर टेप कडक होते आणि अक्षर तुटते.

तंगुशीचा हातभर तुकडा दोन्ही हातांना गुंडाळून अक्षराच्या वरच्या कडेमागे सरकवावा आणि करवतीसारखा मागे-पुढे ओढत खाली आणावा. पत्र्याच्या दिशेने दाब न देता मोनोग्रामच्या दिशेने ओढ ठेवावी, म्हणजे धागा फोमच कापतो. अडला तर जोर लावण्याऐवजी पुन्हा तापवावे. सर्वत्र सहज चाललेला धागा एकाच बिंदूवर टणक थांबत असेल, तर तिथे खिट्टी असण्याची शक्यता धरून काम थांबवावे. मोनोग्राम सुटण्याच्या बेतात आला की दुसऱ्या हाताने धरावा. खाली घसरताना त्याची धातूसारखी कड बंपरवर रेघ मारते.

आता पत्र्यावर फोमचे अवशेष आणि चिकट थर उरतो, आणि घाई इथेच नडते. फोम गरम असतानाच अंगठ्याने एका दिशेने दाबत घासला की त्याच्या वळ्या होऊन तो सुटतो; कामाचा मोठा भाग एवढ्यानेच उरकतो. उरलेल्या थरावर द्रावणाने भिजवलेले कापड दोन-तीन मिनिटे नुसते ठेवावे, मग हलक्या हाताने पुसावे, आणि कापडाची बाजू वरचेवर बदलावी. एकदा, दोनदा, गरज पडली तर पाच वेळा हेच करावे. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि रंगाचा थिनर वापरू नयेत, ते पारदर्शक थर मऊ करतात, पेट्रोलही नको. कोणतेही द्रावण आधी दरवाजाच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे, हवा खेळती ठेवावी, आणि द्रावण ओले असताना तिथे पुन्हा हेअर ड्रायर चालू करू नये, कारण यातली बहुतेक द्रावणे पेट घेतात. ड्रिलला लावायचे रबरी चाक जुन्या स्टिकरसाठी वापरतात खरे, पण एका जागी थांबले तर घर्षणाने रंग जाळते; नव्या गाडीसाठी ते टाळलेलेच बरे.

चिकटपणा पूर्ण गेला की पाण्यात अर्धे-अर्धे मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून घ्यावा आणि टॉर्चचा झोत तिरका पाडून पाहावे. धाग्याच्या बारीक रेघा दिसल्या तर मऊ फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश घेऊन हाताने, छोट्या भागात, काही मिनिटे चोळावे. सावलीसारखी अक्षरे उरली असतील तर त्यांच्या आजूबाजूचा भागही पॉलिशमध्ये घ्यावा, कारण फिका पडलेला तो भाग आहे, अक्षरांची जागा नव्हे. तरीही फरक राहिला तर मशीनने पॉलिश करणाऱ्या अनुभवी माणसाकडे जावे. पारदर्शक थर मर्यादित आहे आणि प्रत्येक पॉलिशमध्ये त्याचा थोडा अंश कमी होतो, म्हणून घरी पुन्हा पुन्हा घासत बसू नये. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावावे, कारण द्रावणांनी तिथले जुने संरक्षण पुसून टाकलेले असते.

मॅट रंगाच्या गाडीला यातली पॉलिशची पायरी लागू होत नाही. मॅट पृष्ठभाग घासला की त्या जागी चकाकी येते आणि ती परत घालवता येत नाही, त्यामुळे अशा गाडीवर केवळ उष्णता, धागा आणि मॅट रंगाला चालणारे द्रावण एवढ्यावरच थांबावे.

काढलेली अक्षरे मागचा फोम खरवडून, कागदात गुंडाळून, मापांच्या फोटोसह ठेवावीत, गाडी विकताना ती मागितली जाऊ शकतात. पुन्हा लावायची झाल्यास नवी ॲक्रिलिक फोम टेप अक्षराच्या आकारात कापावी, पत्रा अल्कोहोलने पुसून कोरडा करावा आणि १५ अंशांपेक्षा गार हवेत हे काम करू नये. आधारासाठी मास्किंग टेपची सरळ रेघ लावून अक्षर एकदाच नेमके बसवावे आणि अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावे. टेपची पकड पूर्ण व्हायला सुमारे ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नये आणि त्या भागावर पाण्याचा दाबाचा फवारा मारू नये.